केवळ मजकूर : गोफर, जेमिनी आणि देवनागरी

दोनशे पानांचा एखादा दिवाळी अंक घ्यावा आणि जाहिराती, रेखाचित्रे, व्यंगचित्रे वगळून त्यातले नुसते शब्द मोजावेत. ते ढोबळमानाने ८०,००० भरतील. मराठी शब्दात सरासरी सहा चिन्हे धरू. संगणकाच्या लेखी अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे असतात. आजच्या प्रचलित पद्धतीनुसार त्या प्रत्येकाला तीन बाइट दिले, तर अख्खा अंक साधारण दीड मेगाबाइटमध्ये, म्हणजे दीड एमबीत मावतो.

आता एखाद्या संकेतस्थळाचे नुसते मुखपृष्ठ उघडून पाहू. वेबपानांचे वजन वर्षानुवर्षे मोजणाऱ्या 'एचटीटीपी आर्काइव्ह' या प्रकल्पाच्या नोंदींनुसार संगणकावर उघडणाऱ्या मुखपृष्ठांचे मध्यक वजन २०२४ मध्ये अडीच एमबींच्या पुढे गेले होते. २०१० च्या अखेरीस हाच आकडा अर्ध्या एमबीच्या आसपास होता. म्हणजे एक मुखपृष्ठ उघडताना आपण अख्ख्या दिवाळी अंकाच्या शब्दांहून जास्त माल यंत्रावर उतरवून घेतो, आणि त्यातला वाचण्याचा मजकूर बहुधा काही किलोबाइटच असतो. उरलेले वजन छायाचित्रांचे, अक्षरवळणांचे, जाहिरातींचे, वाचकावर पाळत ठेवणाऱ्या सांगाड्याचे आणि जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलींचे असते.

जुन्या टेलिफोनवरच्या जोडणीचा कागदावरचा पूर्ण वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. त्या वेगाने अडीच एमबींचे पान उतरायला सहा मिनिटे लागतील. तुमच्या हातातला हा लेख नुसत्या मजकुराच्या रूपात पाच-सहा सेकंदांत येईल. मजकूर मुळात स्वस्त आहे. त्याच्याभोवती जे बांधले गेले आहे, ते महाग आहे. हा फरक ओळखून केवळ मजकुरापुरते जाल उभे करण्याचे प्रयत्न गेली तीन दशके चालू आहेत. प्रस्तुत लेखात त्यातल्या दोन प्रयत्नांची, गोफर आणि जेमिनी यांची, ओळख करून घ्यायची आहे. आणि त्यांच्या निमित्ताने एक प्रश्नही विचारायचा आहे. 'केवळ मजकूर' ही गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी तितकीच सोपी होती का?

जुने यंत्र बाद कसे होते

दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक किंवा फोन सहसा बिघडलेला नसतो. त्याचा कळफलक चालतो, पडदा उजळतो, त्यात साठवलेली पत्रे उघडतात. तो बाद होतो तो वेबच्या दारात, आणि त्याची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण आज्ञावलींचे. पूर्वी वेबपान म्हणजे एक दस्तऐवज असे. आज अनेक पाने म्हणजे वाचकाच्या यंत्रावर चालवायचा कार्यक्रमच असतो. तो चालल्याशिवाय पानावर अक्षर उमटत नाही, आणि तो चालवायला जुन्या यंत्राची स्मृती पुरत नाही. दुसरे कारण सुरक्षिततेचे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद कूटबद्ध असतो, आणि समोरचा सर्व्हर खरा आहे हे पटवण्यासाठी यंत्रात विश्वासू प्रमाणपत्रांची एक यादी ठेवलेली असते. त्या प्रमाणपत्रांना मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशाच एका बहुवापरातल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि नवी यादी न मिळालेल्या कित्येक जुन्या यंत्रांवर आदल्या दिवशी उघडणारी संकेतस्थळे उघडेनाशी झाली. तिसरे कारण खुद्द ब्राउझरचे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती २०२३ च्या सुरुवातीची. त्यापुढच्या आवृत्त्या त्या संगणकाने मागूनही मिळत नाहीत.

यातले दुसरे कारण समजण्यासारखे आहे, कारण सुरक्षितता खरोखर हवी असते. पण तिन्ही मिळून परिणाम एकच होतो. लेख वाचण्यासाठी वाचकाकडे काय असावे, हे लेखकही ठरवत नाही आणि वाचकही ठरवत नाही.

मिनेसोटाचा गोफर

१९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकॅहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातली माहिती संगणकांवरून मिळावी म्हणून एक साधी पद्धत तयार केली आणि तिला 'गोफर' हे नाव दिले. गोफर हा उत्तर अमेरिकेतला, घुशीसारखी जमिनीत बिळे करणारा प्राणी. तो त्या विद्यापीठाचे मानचिन्हही आहे. शिवाय इंग्रजीत हाच उच्चार 'जा आणि घेऊन ये' अशा कामांसाठी ठेवलेल्या पोऱ्यालाही लागू पडतो. नावातले दोन्ही अर्थ पद्धतीला शोभणारे होते.

गोफरची रचना ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखी आहे. जोडणी केली की एक यादी येते. यादीतली प्रत्येक ओळ एका चिन्हाने सुरू होते. ० असेल तर पुढे साधा मजकूर आहे, १ असेल तर आणखी एक यादी, ७ असेल तर शोध घेण्याची सोय. त्यानंतर वाचकाला दिसणारे शीर्षक, मग ती वस्तू सर्व्हरवर कुठे आहे त्याची खूण, त्या सर्व्हरचे नाव आणि त्याच्या दाराचा क्रमांक. गोफरसाठी हा क्रमांक ७० ठरलेला आहे. वाचकाने ओळ निवडली की त्याचे यंत्र त्या सर्व्हरला फक्त ती खूण कळवते. सर्व्हर मजकूर पाठवतो आणि जोडणी बंद करतो. व्यवहार इथे संपला.

या व्यवहारात काय नाही, तेही पाहायला हवे. सर्व्हरला वाचकाच्या यंत्राचा जालावरचा पत्ता कळतो, कारण त्याशिवाय मजकूर पाठवताच येणार नाही. पण तुमचा ब्राउझर कोणता, पडदा किती मोठा, मागच्या खेपेला तुम्ही काय वाचले होते, हे विचारण्याची जागाच या पद्धतीत ठेवलेली नाही. पानाचा रंग, अक्षराचा आकार, ओळीची लांबी हे सारे वाचकाच्या यंत्राने ठरवायचे.

यादीतली पुढची ओळ दुसऱ्याच देशातल्या सर्व्हरकडे नेऊ शकत असे, त्यामुळे एकेका विद्यापीठाचे खण एकमेकांना जोडले जाऊन पाहता पाहता 'गोफरअवकाश' तयार झाले. १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठात 'व्हेरॉनिका' हे त्यातल्या शीर्षकांचा शोध घेणारे साधन निघाले. मार्च १९९३ मध्ये गोफरचे नियम अधिकृत दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

हार आणि चिकाटी

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केले की गोफर सर्व्हरच्या व्यावसायिक वापरासाठी शुल्क आकारले जाईल. याउलट जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबची आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. मोझॅक हा चित्रे दाखवणारा ब्राउझरही त्याच वर्षी आला. शुल्काची रक्कम किती हा प्रश्न दुय्यम होता. उद्या मागणी येईल ही शंकाच नव्या लोकांना गोफरपासून दूर ठेवायला पुरेशी होती. १९९४ मध्ये वेबची वाहतूक गोफरच्या पुढे गेली. पुढे इंटरनेट एक्सप्लोररने २००२ मध्ये आणि फायरफॉक्सने २०११ मध्ये गोफरची दारे बंद केली.

तरी गोफर संपला नाही. कॅलिफोर्नियातल्या कॅमेरॉन कायझर यांनी 'फ्लडगॅप' हा सर्व्हर १९९९ पासून चालू ठेवला आहे आणि त्यावरून जिवंत गोफर सर्व्हरांची नोंदही ठेवली जाते. आजही असे काहीशे सर्व्हर आहेत. जुन्या संगणकांचे हौशी राखणदार तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांवर त्यातला मजकूर वाचतात, कारण गोफर वाचायला लागणारी आज्ञावली त्या यंत्रांना पेलण्याइतकी लहान असते.

खुद्द वेबमध्येही मजकुराची एक वाट शिल्लक राहिली. १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला 'लिंक्स' हा केवळ अक्षरे दाखवणारा ब्राउझर अजूनही सुधारला जातो. आज वापरात असलेल्या ब्राउझरांत तो सर्वांत जुना. ज्या पानात मजकूर थेट लिहिलेला आहे ते पान लिंक्स क्षणात दाखवतो. ज्या पानात मजकुराऐवजी आज्ञावली आहे तिथे वाचकाला कोरा पडदा दिसतो.

जेमिनी : न वाढण्याचा नियम

जून २०१९ मध्ये 'सॉल्डरपंक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका गोफरप्रेमीने नव्या पद्धतीचा आराखडा मांडला. त्याचे नाव जेमिनी. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमात बुधाचे नाव घेतलेल्या छोट्या यानानंतर आणि चंद्रावर नेणाऱ्या अपोलोआधी जेमिनी याने होती. तसेच हे जाल गोफरपेक्षा थोडे मोठे आणि वेबपेक्षा फार लहान असावे, ही कल्पना. दाराचा क्रमांकही १९६५ निवडला, कारण त्या वर्षी पहिले मानवसहित जेमिनी यान झेपावले. यातल्या संकेतस्थळाला 'कॅप्सूल' म्हणतात.

जेमिनीच्या पानात ओळींचे मोजकेच प्रकार असतात. साधा परिच्छेद, तीन पातळ्यांची शीर्षके, यादीतली बाब, अवतरण, जसाच्या तसा दाखवायचा मजकूर आणि दुवा. दुवा नेहमी स्वतंत्र ओळीवर येतो. वाक्याच्या मधोमध तो घालता येत नाही. पानात चित्र बसवता येत नाही. चित्राकडे नेणारा दुवा देता येतो, आणि तो उघडायचा की नाही हे वाचक ठरवतो. एका मागणीला एकच दस्तऐवज येतो. त्याच्या पाठोपाठ न मागितलेल्या पन्नास फायली येत नाहीत. गोफरच्या उलट, इथला संवाद कूटबद्ध असणे मात्र सक्तीचे आहे.

या सगळ्यामागचा मुख्य निर्णय असा की पद्धत मुद्दामच वाढू न शकणारी केली आहे. वेबची सुरुवातही साध्या दस्तऐवजांपासूनच झाली होती. पण तिच्यात नवी खूण, नवे कलम जोडण्याची मुभा होती आणि प्रत्येक भर त्या त्या वेळी उपयुक्तच वाटत गेली. आज संपूर्ण ब्राउझर घडवणे मोजक्या मोठ्या संस्थांनाच परवडते. बाजारातले बहुतेक ब्राउझर तीनच इंजिनांवर चालतात. जेमिनीचा वाचक-कार्यक्रम मात्र जाणकार माणूस एका सुट्टीत, शंभरेक ओळींत लिहू शकतो. हे अंतर महत्त्वाचे आहे, कारण वाचण्याचे साधन जितक्या लोकांना बनवता येते, तितके ते एका हाती जाण्याची शक्यता कमी होते.

मजकूर, पण कोणत्या लिपीत?

इथपर्यंतची कहाणी रोमन लिपीत लिहिणाऱ्यांची आहे. त्यांच्यासाठी 'साधा मजकूर' १९६० च्या दशकापासून साधाच होता. एक अक्षर, एक बाइट, पडद्यावरचा एक चौकोन. गोफरच्या नियमांनीही हेच गृहीत धरले होते. कोणती फाइल कोणत्या संकेतपद्धतीत आहे हे सांगण्याची जागाच त्यात नव्हती. देवनागरीसाठी तेव्हा काय उपलब्ध होते?

बरेच काही होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्र त्या वेळच्या अक्षरपडद्यावर देवनागरी दाखवत असे. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरच मराठी लिहिता येई. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक १९९१ मध्ये मान्य झाले. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागे. जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे पाया इथेच घातला गेला होता.

पण मराठी वेब जेव्हा उभी राहिली तेव्हा ती या पायावर उभी राहिली नाही. वर्तमानपत्रांनी आणि मुद्रकांनी आपापले फाँट वापरले. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेली अक्षरे रोमन वा तत्सम खुणांचीच होती; त्यांवर देवनागरीचे चित्र तेवढे चढवलेले होते. तो फाँट यंत्रावर नसेल तर बातमीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची माळ दिसे. लिंक्ससारख्या ब्राउझरने असे पान उघडले की डोळ्यांना मराठी वाटणारी गोष्ट मराठी नव्हतीच, हे उघड होई. ती शोधता येत नव्हती, दुसरीकडे नेता येत नव्हती. त्या काळातल्या फाँटमध्ये टंकलेली, पीडीएफ होऊन पडलेली हस्तलिखिते आणि परिपत्रके यांतला एखादा परिच्छेद आज उचलून पाहिला तरी हाच अनुभव येतो.

युनिकोड रुळल्यावर दुसरी अडचण पुढे आली. 'दिवाळी' हा शब्द द, ऱ्हस्व वेलांटी, व, काना, ळ, दीर्घ वेलांटी अशा सहा चिन्हांत, १८ बाइटांत साठवला जातो. रोमनमध्ये तो सहा बाइटांत होईल. पण खरी अडचण बाइटांची नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते 'द'नंतर आणि दिसायला हवी 'द'च्या आधी. 'क्ष'मध्ये तीन चिन्हे असतात आणि आकृती एकच. चौकोनांच्या जाळीवर चालणाऱ्या जुन्या अक्षरपडद्याला हे जमत नाही. तो प्रत्येक चिन्हाला वेगळे घर देतो आणि वेलांट्या निराधार लटकतात. चिन्हांपासून आकृती घडवण्याचे हे काम करायला स्वतंत्र आज्ञावली लागते. त्यातली आज सर्वाधिक वापरातली 'हार्फबझ' क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड या तिन्हींत आहे. 'हर्फ' म्हणजे फारसीत अक्षर.

अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ही सोय नव्हती आणि मराठी पान उघडले की नुसते रिकामे चौकोन दिसत. त्या काळात अनेकांना हात दिला तो ऑपेरा मिनीने. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने २००६ च्या जानेवारीत जगभर उपलब्ध केलेला हा ब्राउझर पान आधी आपल्या सर्व्हरवर उघडत असे, पिळून लहान करत असे आणि मगच साध्या जावा फोनवर पाठवत असे. त्याच्या आतल्या मांडणीत अवघड लिप्यांसाठी अक्षरे चित्ररूपाने पाठवण्याचा एक पर्याय होता. तो चालू केला की सर्व्हर देवनागरी चितारून पाठवी. बटणांच्या फोनवर मराठी ब्लॉग वाचणाऱ्या पिढीला ही युक्ती तोंडपाठ होती. वाचता आले हे खरे. पण फोनवर आलेला मजकूर मजकूर राहिलेला नव्हता.

ती सवय अजून गेलेली नाही. आता जवळपास प्रत्येक फोन देवनागरी नीट दाखवतो, तरीही कविता, निधनवार्ता, सभेची निमंत्रणे आपण चित्रे करून धाडतो. चार ओळींसाठी शेकडो किलोबाइट खर्च होतात. त्याहून गंभीर म्हणजे, अंध वाचकाच्या संगणकातला पडदावाचक युनिकोडमधला मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. चित्रातल्या कवितेपुढे तो मुका होतो.

जेमिनीचे आपल्या दृष्टीने महत्त्व इथे आहे. त्याच्या नियमांत मजकुराची गृहीत धरलेली संकेतपद्धत यूटीएफ-८ आहे, म्हणजे युनिकोड. साध्या मजकुराच्या जालात देवनागरी पहिल्या दिवसापासून समान हक्काने बसते, असे प्रथमच घडले. आकृती घडवण्याचे काम वाचकाच्या यंत्राने करायचे असते, आणि ते काम करणाऱ्या आज्ञावली आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

कशासाठी, आणि कशासाठी नाही

केवळ मजकुराची खरी परीक्षा संकटात होते. सप्टेंबर २०१७ मध्ये अर्मा चक्रीवादळाने फ्लोरिडाला तडाखा दिला तेव्हा सीएनएन आणि एनपीआर या वृत्तसंस्थांची केवळ मजकुराची पाने लोकांच्या उपयोगी पडली. क्षीण जोडणीवर आणि संपत आलेल्या बॅटरीवर तीच उघडत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात ब्लू रिज पब्लिक रेडिओने असेच नुसत्या मजकुराचे पान चालवले. ही पाने वेबवरचीच होती. म्हणजे हलकेपणासाठी वेब सोडावीच लागते असे नाही. काय वगळायचे ते ठरवावे लागते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. नकाशा, रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, शस्त्रक्रियेची चित्रफीत यांना गोफर किंवा जेमिनी उपयोगाचे नाही. गोफरमध्ये संवाद उघडा जातो, म्हणून खासगी काहीही त्यावरून पाठवू नये. जेमिनीतली कूटबद्धता सुरक्षित असली तरी अगदी जुन्या यंत्रांना ती झेपत नाही. तिथे गोफरच चालतो. शिवाय ही दोन्ही जाले लहान आहेत. जेमिनीच्या कॅप्सूल काही हजारांत मोजाव्या लागतात आणि बराच मजकूर संगणकाच्या जाणकारांनीच लिहिलेला असतो. ती वेबची जागा घेतील असे त्यांचे पुरस्कर्तेही म्हणत नाहीत.

मग मराठी साहित्यव्यवहाराने यातून काय घ्यावे? कॅप्सूल काढणे ही हौसेची बाब आहे. त्याआधी करण्याजोगी एक साधी गोष्ट आहे. आज दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्या बहुधा पीडीएफच्या रूपात निघतात; काहींची पाने तर छायाचित्रेच असतात. ती देखणी असतात, ती असावीत. पण त्यांच्यासोबत अंकातल्या प्रत्येक लेखाची, कथेची आणि कवितेची युनिकोडमधली साधी मजकूर फाइल लेखकाच्या संमतीने जपून ठेवली, तर तिला कोणताही विशिष्ट फाँट लागणार नाही, कोणत्याही कंपनीचा कार्यक्रम लागणार नाही. ती पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावर उघडेल, पडदावाचक ती वाचून दाखवेल, अभ्यासकाला तिच्यात शब्द शोधता येईल. 'मनोरंजन'च्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही परंपरा ग्रंथालयांनी कागदावर सांभाळली. तिचा पुढचा भाग कोणत्या रूपात सांभाळायचा, याचा निर्णय संपादकांनी अंक छपाईला पाठवण्याच्या आठवड्यातच घ्यायला हवा. त्या वेळी संपूर्ण अंक मजकुराच्या रूपात त्यांच्या टेबलावर असतोच. नंतर तो पुन्हा गोळा करणे फार कठीण जाते.